हॉट रॉडचं पुढचं सस्पेन्शन: स्प्रिंग चढवण्याआधीचं काम

हॉट रॉड म्हणजे जुन्या मोटारीच्या थाटात, वेगासाठी हौसेने नव्याने बांधलेली गाडी. तिला पुढे सहसा मडगार्ड नसतात. बंपर नाही, बॉनेटच्या बाजूचे पत्रेही बऱ्याचदा काढलेले. इतर गाड्यांत जे चाकामागे अंधारात असतं ते इथे भर उजेडात येतं: एक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग), दांड्या, दोन्ही चाकं एकत्र वळवणारा टाय रॉड. म्हणून माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक इंजिनाबद्दल दोन वाक्यं बोलतं आणि सस्पेन्शनबद्दल तासभर. "मेस्ता, सगळ्यांसारखं नको. बघणारा वाकून बघेल असं काहीतरी करा."

तसं करता येतं. पण डिझाइन कुठलंही निवडा, माझी अट एकच असते: स्प्रिंग न लावता, नुसत्या दांड्या आणि सांधे जोडून, चाक अगदी खालपासून अगदी वरपर्यंत जॅकने नेऊन दाखवायचं. वाटेत काहीही आखडलं नाही पाहिजे, काहीही घासलं नाही पाहिजे आणि चाकाने स्वतःहून तोंड फिरवलं नाही पाहिजे. स्प्रिंग कमी-जास्त नंतर करता येते. आखडणारी जोडणी मात्र कुठल्याच स्प्रिंगने सुटत नाही. ती कुठेतरी तडा देते, आणि तडा नेमका वेल्डिंगला जातो.

माझं वर्कशॉप गोव्यात, फोंड्याबाहेर, कुर्टीला. मूळ धंदा पाट्यांचा. खाणी जोरात होत्या तेव्हा सावर्डे-डिचोलीचे टिप्पर पाटे बदलायला रांगेत उभे असायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, रांग संपली आणि मोकळ्या झालेल्या शेडमध्ये हळूहळू हौशी लोकांच्या गाड्या यायला लागल्या. त्यामुळे पुढचं सगळं पाटेवाल्याच्या नजरेतून आहे. कॉइलवाल्यांचं म्हणणं वेगळं असेल, असो.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. तेव्हा अशी गाडी शोसाठी, खाजगी जागेत फिरवण्यासाठी बांधा. रस्त्यावर काढण्याचा विचार असेल तर चॅसीला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन विचारा. आणि घरातली खरी जुनी गाडी कापू नका. ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते ती मूळ रूपात असेल तरच. आजोबांच्या वेळची पोर्तुगीज नंबरची गाडी असेल तर तिचं सस्पेन्शन तिच्याच अंगाला शोभतं. हॉट रॉडसाठी नवीन आयताकृती पाइपची चॅसी बांधा आणि भाग भंगारातून आणा.

काट्यावर जा

पहिलं काम वेल्डिंगचं नाही, वजनाचं. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर जागेवर टेकवून गाडीची फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. आमच्या भागात काट्यांना तोटा नाही, खाणींनी ठेवलेली ती एक सोय. समजा ४०० किलो भरलं. त्यातून एक्सल, चाकं, ब्रेक यांचे साधारण १०० किलो वजा करा, कारण त्यांचा भार स्प्रिंगवर येत नाही. राहिले ३०० किलो, म्हणजे प्रत्येक बाजूला १५०. पुढचा सगळा हिशेब ह्या १५० वर चालतो. तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो हातात असल्याशिवाय स्प्रिंग विकत घेऊ नका.

गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबावी? हलक्या गाडीला साधारण ९० ते ११० मिमी. १०० मिमी दबली की गाडी सेकंदाला दीडेक वेळा झुलते, अंगाला बरं वाटतं. ४० मिमीच दबत असेल तर ती टिप्परची स्प्रिंग आहे, दात हलतील. १५० किलोला १०० मिमी म्हणजे दर मिमीला दीड किलो. हा आकडा खडूने भिंतीवर लिहून ठेवा.

बीम की वेगळी चाकं

फोर्डच्या मोटारींना मॉडेल टीपासून १९४८ पर्यंत पुढे एकच बीम एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारी सलग तुळई) आणि त्यावर एकच आडवा पाटा होता. जनरल मोटर्सने १९३४ मध्येच पुढची चाकं वेगवेगळी केली, फोर्ड १९४९ पर्यंत थांबली. हॉट रॉड जन्मली ती कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर वेग मोजणाऱ्या पोरांच्या हातून, आणि त्यांच्याकडे ह्या जुन्या स्वस्त फोर्ड होत्या. म्हणून आजही बीम एक्सल दिसला की डोळ्यांना ती हॉट रॉड वाटते.

बीमचा एक दोष माहीत असू द्या. एक चाक उंचवट्यावर चढलं की सगळा एक्सल तिरका होतो. फिरतं चाक तिरकं केलं की ते आपोआप वळायला बघतं, भोवऱ्यासारखं. त्यातून स्टेअरिंग हातात थरथरतं. चाकं हलकी ठेवा, किंगपिनच्या (चाक ज्यावर वळतं त्या उभ्या पिनच्या) बुशात ढिलाई ठेवू नका, कॅस्टर, म्हणजे किंगपिनच्या डोक्याचा मागचा कल, ५ ते ७ अंश द्या, मग ते काबूत राहतं.

गोव्यात बीम कुठून आणायचा? टाटा एसचा बघा. पुढे सरळ रिजिड एक्सल, पॅराबोलिक पाटे, किंगपिन, सगळं साधं आणि भंगारात मिळणारं. हलक्या हॉट रॉडला त्याची ताकद पुरून उरते. फोर-बाय-फोर जीपचा पुढचा एक्सल मात्र घेऊ नका. मध्ये डिफरन्शियलचा गोळा, वजन फुकटचं आणि दिसायलाही बेढब.

उघड्या नाकावरचा आडवा पाटा

गिऱ्हाइकांना सगळ्यात जास्त हाच हवा असतो. नेहमीच्या फोर्डमध्ये आडवा पाटा पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चॅसीच्या आडव्या तुळईच्या) खाली, एक्सलच्या डोक्यावर असतो. इथे चॅसी एक्सलच्या मागेच संपवायची, मधून एक ब्रॅकेट पुढे काढायचं आणि त्याच्या टोकाला पाटा धरायचा. एक्सल चॅसीच्या पुढे जातो, गाडी लांब आणि बुटकी दिसते. अमेरिकेत ह्याला सुसाइड फ्रंट म्हणतात, कारण ते ब्रॅकेट तुटलं तर नाक रस्त्यावर आपटतं.

तुटू नये म्हणून काय करायचं ते आकड्यातच बघा. ३०० किलोचा भार, ब्रॅकेट क्रॉसमेंबरपासून २०० मिमी पुढे. उभ्या गाडीत त्याच्या मुळाशी ६० किलोग्रॅम-मीटरचा वाकवणारा जोर येतो. चतुर्थीच्या आधीच्या आमच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यात तो तिप्पट धरा, १८०. क्रॉसमेंबरच्या तोंडावर नुसतं टेकवून चारी बाजूंनी वेल्ड मारलेल्या ब्रॅकेटवर मी हा भार टाकणार नाही. ब्रॅकेटचा पाइप क्रॉसमेंबरच्या आरपार मागपर्यंत न्या, दोन्ही तोंडांना वेल्ड करा, वर आणि खाली ६ मिमीच्या त्रिकोणी पट्ट्या द्या. पट्टीचं टोक वेल्डिंगवरच संपवू नका, थोडं पुढे नेऊन निमुळतं करा. शिवाय एक लोखंडी कडी एक्सलच्या वरून सैल अडकवून चॅसीला बांधा. ब्रॅकेट गेलंच तर एक्सल निसटणार नाही.

पाट्याच्या दोन्ही टोकांना शॅकल (झुलत्या कड्या) असतात, म्हणून एक्सल आडवा सरकू शकतो. गाडी टेकलेली असताना शॅकल साधारण ४५ अंशांत यायला हवेत. सरळ उभे असतील तर पाटा लांबीला जास्त आहे. आणि आडवं सरकणं थांबवायला पॅनहार्ड रॉड, म्हणजे एक्सल आणि चॅसीला जोडणारी आडवी दांडी, लागतोच. तो कुठे लावायचा ते स्टेअरिंगच्या भागात सांगतो.

आता एक्सलला मागे धरणाऱ्या दांड्या. जुन्या फोर्डमध्ये दोन दांड्या मागे एकाच गोळ्यात मिळायच्या. तो गोळा इंजिनाच्या आड येतो म्हणून लोक दांड्या सोडवून दोन बाजूंच्या चॅसीला लावतात. दिसतं छान. पण दांडी एक्सलला कडक जोडलेली, आणि मागची टोकं आता वेगवेगळ्या जागी. एक चाक वर गेलं की दोन्ही दांड्या वेगवेगळ्या कोनात जातात आणि एक्सलला पिळतात. फोर्डचा आय-आकाराचा घडीव एक्सल तेवढा पीळ सहन करतो. गोल पाइपचा एक्सल पिळला जात नाही, म्हणून सगळा जोर दांडीच्या वेल्डिंगवर जातो. म्हणजे आय-बीमला अशा फाकवलेल्या किंवा हेअरपिन (केसांच्या पिनेसारख्या) दांड्या चालतात. पाइपच्या एक्सलला प्रत्येक बाजूला वर-खाली दोन समांतर दांड्या हव्यात, ज्यांच्या दोन्ही टोकांना बुश आहेत. ही गोष्ट चित्रात कळत नाही. स्प्रिंग काढून एका चाकाखाली जॅक लावला की लगेच कळते, जॅकचा दांडा जड होतो.

माझ्या आवडीचं: पाव पाटा

निवड माझ्यावर सोपवली तर मी क्वार्टर-एलिप्टिक सुचवतो. नेहमीचा पाटा मधोमध कापल्यासारखा असतो: जाड बाजू चॅसीला घट्ट धरलेली, बारीक टोक पुढे येऊन एक्सल उचलतं. ऑस्टिन सेव्हनला आणि बुगाटीला मागच्या बाजूला असे पाटे होते. पुढे लावले की वर काहीच दिसत नाही, रेडिएटरसमोर मोकळं राहतं, आणि पाटे चॅसीच्या रेघेत पळाल्यामुळे गाडी ताणल्यासारखी वाटते.

पाटा बनवून घेताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, गॅसने कापू नका. कापलेल्या जागेजवळ पोलादाचं पाणी उतरतं आणि तिथून तो मोडतो. ग्राइंडरने, थंड करत करत कापा, आणि सेंटर बोल्टचं भोक क्लॅम्पच्या आत राहील अशा बेताने बोल्टच्या पलीकडे कापा. कडक पाट्यात नवीन भोक पाडायची वेळच येऊ देऊ नका. दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: जुडगा उलटा लागतो. जीपच्या पाट्यात कानवाला (टोक गोल वळवलेला) मुख्य पाटा वर आणि छोटे खाली असतात, कारण टोकं खाली वाकतात. इथे टोक एक्सल वर ढकलतो. म्हणून मुख्य पाटा सगळ्यात खाली आणि छोटे त्याच्या वर, चॅसीला चिकटून. तसं नाही केलं तर भार एकट्या मुख्य पाट्यावर येतो आणि छोटे नुसते शोभेला.

कापलेल्या अर्ध्या पाट्याची ताकद अख्ख्याच्या बरोबर निम्मी असते. मोकळी लांबी मात्र फार जपून ठरवा. लांबी १० टक्के कमी केली की पाटा ३७ टक्के कडक होतो. म्हणजे क्लॅम्प दोन बोटं पुढे-मागे केला तरी गाडी बदलते, आणि हाच ह्या डिझाइनचा फायदाही आहे. तपासणी अशी: पाटा टेबलाच्या कडेला जाड प्लेटमध्ये आवळा, टोकाला ५० किलोचं सिमेंटचं पोतं टांगा आणि पट्टीने मोजा. दर मिमीला दीड किलो हवं असेल तर टोक ३३ मिमी खाली यायला हवं. २० मिमीच आलं तर एक छोटा पाटा काढा किंवा मोकळी लांबी वाढवा. पोतं काढल्यावर टोक मूळ जागी परत येतं का तेही बघा. नाही आलं तर पाटा मेलेला आहे.

क्लॅम्पच्या जागी चॅसीला किती सोसावं लागतं ते पाहू. मोकळी लांबी ५०० मिमी, टोकावर १५० किलो. दोन यू-बोल्टमधलं अंतर १५० मिमी ठेवलं तर मागचा यू-बोल्ट ५०० किलोने खाली ओढला जातो आणि क्लॅम्पची पुढची कड ६५० किलोने चॅसीत वर दाबली जाते. तीही उभ्या गाडीत. खड्ड्यात तिप्पट. म्हणून त्या जागी चॅसीच्या पाइपला आतून किंवा बाहेरून दुसरी प्लेट द्या, क्लॅम्पची प्लेट १० मिमीची घ्या आणि पुढची कड फाइलने गोल करा. धारदार कड पाट्यावर रेघ पाडते आणि पाटा त्याच रेघेवर मोडतो. मोडलेले टिप्परचे पाटे हातात घेऊन बघा, बरेचसे यू-बोल्टच्या कडेलाच गेलेले दिसतील.

एक्सल गोल फिरू नये म्हणून प्रत्येक बाजूला वर एक दांडी लागते. ती किती लांब हवी? पाट्याचं टोक वर-खाली होताना जो गोल काढतं त्याची त्रिज्या मोकळ्या लांबीच्या साधारण पाऊणपट असते. ५०० मिमीच्या पाट्याला ३७५ मिमीची दांडी. तिचं मागचं टोक क्लॅम्पच्या कडेपासून १२५ मिमी पुढे आणि दांडी पाट्याला समांतर. असं केलं की कॅस्टर वर-खाली होताना जवळजवळ बदलत नाही. अखूड दांडी लावली तर चाक वर जाताना एक्सल मागे कलतो. लांब लावली तर उलट.

ब्रेक मारताना ही दांडी दाबली जात नाही, ओढली जाते. एका चाकावर २५० किलोचा ब्रेक, चाकाची त्रिज्या ३०० मिमी, पाट्याचा कान एक्सलच्या पातळीवर आणि दांडी त्याच्या १५० मिमी वर असेल तर दांडीवर ५०० किलोची ओढ येते. तिथे ग्रेड ८.८ च्या खालचा बोल्ट लावू नका. स्टेनलेसचा चकचकीत बोल्ट तर नकोच, नेहमीच्या बाजारी स्टेनलेसला तेवढा जोर नसतो. दांडीच्या एका टोकाला आटे ठेवा, म्हणजे कॅस्टर त्यानेच लावता येतो.

शॉकअप नेहमीचे टेलिस्कोपिक लावा किंवा जुन्या पद्धतीचे घर्षणाचे. जुन्या ‘आंद्रे-हार्टफोर्ड’ छापाचे ते कात्रीसारखे हात आणि मध्ये आवळलेल्या चकत्या, ह्या गाडीवर फार शोभतात. क्लच प्लेटच्या लायनिंगमधून आमचा लेथवाला ते करून देतो. पावसात त्यांचा जोर बदलतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगायचं.

ॲम्बॅसेडरचा पुढचा भाग

वेगळी चाकं हवीत आणि तरी उघडं नाक हवं, तर आपल्याकडे एक चांगला पर्याय पडून आहे आणि कोणी बघत नाही. ॲम्बॅसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची मालिका तीन. तिच्या पुढच्या चाकांना कॉइल नाही; खालच्या हाताला जोडलेली लांब टॉर्शन बार (पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) चॅसीबरोबर मागे जाते आणि तिथे अडकते. जुन्या गाड्यांत वरचा हात म्हणजेच लिव्हरचा शॉकअप. जोडीला रॅक-पिनियन स्टेअरिंग. हॉट रॉडमध्ये हे सगळं चॅसीच्या बाजूला लपतं.

काम कठीण आहे ते मागच्या अँकरचं. चाकावर समजा २०० किलो आणि खालचा हात २५० मिमी, तर बार मागच्या अँकरला ५० किलोग्रॅम-मीटरने पिळते, कायम, गाडी उभी असतानासुद्धा. दोन्ही बाजूंचे अँकर एका जाड क्रॉसमेंबरने जोडले की बराच पीळ एकमेकांत मिटतो. बारच्या डाव्या-उजव्याची अदलाबदल करू नका. ती एका दिशेच्या पिळाला सरावलेली असते. आणि बार बारीक करून मऊ करायचा मोह झाला तर लक्षात घ्या, व्यास १० टक्के वाढला की कडकपणा ४६ टक्के वाढतो, कमी झाला तर तसाच झपाट्याने घसरतो. बारवर ग्राइंडरचा एक ओरखडासुद्धा नको. वेल्डिंगच्या ठिणग्या पडू नयेत म्हणून तिला ओलं गोणपाट गुंडाळून ठेवतात आमची पोरं.

कापलेला बीम, आणि जे मी करत नाही

बीम मधोमध कापून दोन्ही तुकडे मध्ये पिनवर टांगायचे, ही युक्ती इंग्लंडमध्ये लेस्ली बॅलमीने चालवली. ॲलार्ड गाड्यांना तसे एक्सल होते, लोटसच्या मार्क सिक्सलाही. बघायला जबरदस्त. पण अर्धा एक्सल ६०० मिमीचा असेल आणि चाक ५० मिमी वर गेलं तर ते जवळजवळ ५ अंश कलतं. १९६५ मध्ये फोर्डने पिकअपला दोन लांब, एकमेकांना ओलांडून जाणारे बीम दिले. हात मीटरभर लांब असेल तर तेच कलणं ३ अंशांच्या आत येतं. म्हणून करायचंच असेल तर असे ओलांडणारे हात करा, आणि प्रत्येक चाकाच्या टाय रॉडचं आतलं टोक त्या त्या हाताच्या पिनच्या रेषेत आणा. नाहीतर प्रत्येक उंचवट्यावर गाडी रस्ता बदलेल.

फोक्सवॅगन बीटलच्या दोन आडव्या नळ्या आणि मागे पसरलेले हात छान काम करतात, पण इथे भाग मिळणं कठीण. मॉर्गन आणि लॅन्सिया लॅम्ब्डासारखा स्लायडिंग पिलर, म्हणजे चाक उभ्या खांबावर वर-खाली सरकणं, मी गोव्यात करणार नाही. समुद्राची वाळू आणि मिठाची हवा त्या पितळी बुशात गेली की संपलं. ड्युबोनेट पद्धतीचं, स्प्रिंग आत बंद केलेलं, तेलाने भरलेलं गळकं डबडं तर विसराच. रेसच्या गाड्यांसारखं चॅसीच्या आत आडवी स्प्रिंग आणि तिला हलवणारा रॉकर (मधल्या पिनवर झुलणारा हात) करणाऱ्यांना एवढंच: रॉकरने चाकाच्या हालचालीच्या ०.६ पटच स्प्रिंग हलत असेल तर चाकावर स्प्रिंगचा कडकपणा ०.३६ पटच पोचतो, वर्गाने कमी होतो. त्या हिशेबाने स्प्रिंग घ्या.

स्टेअरिंग

टाटा एससारख्या बीमला स्टेअरिंग बॉक्सची ड्रॅग लिंक (बॉक्सचा जोर चाकाकडे नेणारी दांडी) आडवी न्यावी, चॅसीच्या एका बाजूकडून दुसऱ्या चाकाकडे. एक्सल वर-खाली होताना पॅनहार्ड रॉडमुळे थोडा आडवा सरकतो. ड्रॅग लिंकही गोल फिरते. दोघी समांतर आणि एकाच लांबीच्या असतील, आणि पॅनहार्डचं चॅसीकडचं टोक स्टेअरिंग बॉक्सच्याच बाजूला असेल, तर दोघी बरोबरीने सरकतात आणि चाक वळत नाही. ह्यात काटकसर नको.

टाय रॉड एक्सलच्या पुढे नेला तर दिसायला भारी, पण वळताना आतलं चाक जास्त वळायला हवं, त्यासाठी टाय रॉडची टोकं किंगपिनच्या बाहेर, चाकाकडे यावी लागतात आणि तिथे ब्रेक ड्रम आडवा येतो. तो मागेच ठेवा. जमिनीवर दोरी ताणून बघा: किंगपिनपासून टाय रॉडच्या टोकातून जाणारी रेघ मागच्या एक्सलच्या मध्याजवळ पोचली पाहिजे. टो-इन, म्हणजे चाकांची तोंडं पुढे जराशी आत वळलेली, अर्धं ते एक सूत.

आता चाक तोंड फिरवतं का ते मोजायचं. स्प्रिंग काढलेली, स्टेअरिंग बांधलेलं. हबला पट्टी बांधून त्यावर लहान लेझर पॉइंटर पुढे रोखून लावा, ३ मीटरवर भिंत. चाक जॅकने ५० मिमी वर, ५० मिमी खाली न्या आणि भिंतीवरच्या लाल ठिपक्याच्या जागा खडूने टिपत जा. ठिपका वर-खाली होणारच, तो सोडा. आडवा किती गेला ते बघा. ६०० मिमी व्यासाच्या चाकाला भिंतीवरचे ५ मिमी म्हणजे चाकावरचा १ मिमी टो. त्याआधी हबवरून ओळंबा सोडून एक्सल स्वतःच किती आडवा सरकला ते जमिनीवर टिपा आणि तेवढं वजा करा. हे न केल्यामुळे बरेच जण बरोबर असलेलं स्टेअरिंग पुन्हा कापतात. २ मिमीच्या आत टो बदलला तर मी पुढे जातो. जास्त असेल तर ड्रॅग लिंकचं एक टोक वर-खाली करून परत मोजायचं, दुपार गेली तरी चालेल.

किती खाली

चाकातली हवा पूर्ण गेली, गाडी रिमवर आली, तरी खालचा एकही भाग रस्त्याला घासता कामा नये. एका बाजूच्या रिमच्या खालच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या तळापर्यंत दोरी ताणा. दोरीच्या खाली काहीही आलं तर ते वर घ्या. पुढचं चाक आणि नाक ह्यांमधला कोन बघताना मी गिऱ्हाइकाला रायबंदरच्या चोडण फेरीबोटीचा उतार आठवायला सांगतो. ओहोटीला तो किती तिरका होतो हे त्यांना माहीत असतं. मग ‘अजून खाली’ म्हणणं बंद होतं.

क्रोम, मीठ आणि लाल धूळ

पाटे, स्टेअरिंग आर्म, किंगपिन, ताणाचे बोल्ट, ह्यांना क्रोम देऊ नका. प्लेटिंगच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. प्लेटिंगनंतर काही तासांतच २०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजून काढलं नाही तर भार पडल्यावर काच फुटल्यासारखं तुटतं. आमच्या जवळपासचे प्लेटिंगवाले ते भाजून देत नाहीत. चकाकी हवी तर रेडिएटरच्या चौकटीला द्या. स्टेअरिंग आर्म गरम करून वाकवू नका, टाय रॉड वेल्ड करू नका. लांबी बदलायची तर नवीन रॉड आणि लेथवर आटे.

उघडे रोझ जॉइंट (धातूच्या गोळ्याचे, टोपी नसलेले सांधे) सुंदर दिसतात. खाणीच्या भागातली लाल धूळ म्हणजे बारीक झालेलं लोहखनिज, ते त्या सांध्यात पॉलिश पेपरचं काम करतं. रबरी टोपीवाले बॉल जॉइंट किंवा रबर बुश लावा. पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यानंतर पाटे गंजून एकमेकांना धरतात आणि सिमेंटच्या पोत्याने काढलेला सगळा हिशेब वाया जातो.

गाडी पहिल्यांदा चालवून आणली की लगेच सगळे यू-बोल्ट परत आवळा, ते बसतात आणि सैल होतात. नंतर वेल्डिंग तपासा. जागा पुसून कोरडी करा, त्यावर रॉकेल फासा, थोडा वेळ मुरू द्या, फडक्याने कोरडं पुसा आणि पांढऱ्या खडूने जाड रेघोट्या ओढा. तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल खडूवर बारीक ओल्या रेघेसारखं उमटतं. ब्रॅकेटचं मूळ, पाट्याच्या क्लॅम्पची पुढची कड आणि टॉर्शन बारचा अँकर, ह्या तीन जागा प्रत्येक वेळी. रेघ उमटली तर वेल्डवर वेल्ड चढवायचं नाही, ग्राइंडरने तडा मुळापर्यंत उघडून मगच परत भरायचं.